नीतिमान ‘ठरलो’ की ‘ठरवले’? आणि ‘तारण’ शब्दाविषयी

शब्दयात्री: एका प्रवचनाचा अनुवाद करताना एका वाक्यापाशी अडले आहे. विश्वासाने आपण नीतिमान ठरलो हे मान्य असूनही आपले तारण झाले आहे की नाही, ही शंका रात्री उशाशी येऊन बसते, असे वक्ते सांगतात. मसुदा वाचून आत्या म्हणाली, “ठरलो म्हणजे कसोटीला उतरलो. बायबलमधला प्रेषित पौल तर याच्या नेमके उलट सांगतो: कर्मांनी नव्हे, विश्वासाने.” मग दुसरा शब्द कोणता वापरावा?

जुनी वही: आत्याबाईंचा आक्षेप अर्धाच खरा आहे. ‘तो खोटा ठरला’ यात पुरावा असतो, पण ‘लग्न ठरले’ यात नुसता निर्णय असतो. बायबलमध्ये लूक 18:14 मधला जकातदार ‘नीतिमान ठरून’ घरी जातो, आणि त्याने केलेले असते काय, तर दूर उभे राहून ऊर बडवत दयेची याचना. मूळ ग्रीक क्रियापदालाही न्यायाधीशाच्या निकालाचा अर्थ आहे. ‘ठरलो’ राहू द्या.

समासप्रेमी: माझी तक्रार ‘नीतिमान’विषयीच आहे. आज नीती म्हटले की सदाचार एवढेच मनात येते. त्यामागच्या हिब्रू ‘त्सेदाका’ या शब्दात मात्र कराराशी आणि नात्याशी इमान राखणेही आहे. शिवाय याकोब 2:24 मध्ये मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो असे म्हटले आहे, त्याचे काय करायचे?

हिशेबनीस: मला ‘तारण’ अधिक छळते. लहानपणी हा शब्द मी प्रथम ऐकला तो आईचे दागिने तारण ठेवले तेव्हा. ते सुटून येईपर्यंत ती रिकाम्या डबीचे झाकण पुन्हा पुन्हा उघडून पाही. ख्रिस्त आपल्यापोटी तारण राहिला, त्यावरूनच हा शब्द आला असावा, असे मला मनापासून वाटते.

जुनी वही: भावना पोहोचली, पण व्युत्पत्ती पटत नाही. मुक्तीच्या अर्थाचे तारण ‘तॄ’ धातूचे, म्हणजे पैलतीरी नेणे. व्यवहारातलाच शब्द हवा असेल, तर इफिसकरांस पत्र 1:14 मध्ये पवित्र आत्म्याला वतनाचा ‘विसार’ म्हटले आहे. विसार हाती पडला की सौदा पक्का होतो, तरी ताबा मिळायचा राहतोच. वक्त्यांची शंका त्या मधल्या काळातली आहे.

समासप्रेमी: ती शंका म्हणजे विश्वासातली उणीव, असे मात्र कोणी समजू नये. 1547 साली कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील परिषदेने स्पष्ट केले होते की, आपल्याला कृपा लाभली आहे हे कोणालाही श्रद्धेच्या अचूक निश्चितीने जाणता येत नाही. प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांना हे मान्य नव्हते, आणि त्यांच्यापाशी 1 योहान 5:13 होते: विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन लाभले आहे हे त्यांना कळावे म्हणून लिहिलेले वचन. मराठीत ‘खात्री’ गोष्टीची करून घेतात, ‘भरवसा’ माणसावर ठेवतात. अनुवादात हा भेद सांभाळावा.

शब्दयात्री: ‘भरवसा’ घेते. पण माझा पहिला प्रश्न मागेच राहिला. आत्या आता ‘ठरवला गेलो’ सुचवते आहे.

जुनी वही: कृपा करून तसे लिहू नका, ही मराठीची घडण नव्हे. ‘देवाने मला नीतिमान ठरवले’ असे लिहा, म्हणजे कर्ता कोण ते वाक्यातच येईल.

शब्दयात्री: त्या वाक्यात ‘मी’ कर्माच्या जागी जातो, आणि वक्त्यांचे सगळे दुखणे तर रात्री जाग्या राहिलेल्या त्या ‘मी’चेच आहे.