सॉफ्टी मशीन: दुपारी कोन सैल येतो, आणि रात्री उरलेल्या मिक्सचं काय करायचं?

जुळेसोलापूर_सॉफ्टी
तीन नोझलचं एअर-कूल्ड टेबलटॉप मशीन आहे. सकाळी कोन ताठ येतो, दुपारी २ ते ६ सैल. हार्डनेस (कोन किती ताठ हवा ते सेटिंग) शेवटच्या आकड्यावर नेला तरी फरक नाही. प्रिमिक्स पावडर पाण्यात कालवून थेट हॉपरमध्ये (वरच्या मिक्सच्या टाकीत) ओततो. टेक्निशियन गॅस भरा म्हणतोय. शिवाय रात्री उरलेलं मिक्स स्टँडबायवर (न गोठवता नुसतं गार) ठेवलं तर चालतं का? मधे लाईट जाते.

कंप्रेसरवाला
सकाळी कोन ताठ येतोय, म्हणजे गॅसवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. हार्डनेसचा आकडा फक्त कंप्रेसर कुठे थांबायचा ते ठरवतो. तुमचा कंप्रेसर दुपारी थांबतच नसणार; मग आकडा वाढवून काय होणार?

खरं दुखणं ओतण्यात आहे. ४ अंशांच्या मिक्सचा उणे ६ चा कोन करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तिच्या निम्म्याहून जास्त उष्णता ३२ अंशांचं मिक्स नुसतं ४ वर आणताना काढावी लागते. मशीन गोठवण्यासाठी आहे, कोमट मिक्स गार करायला नाही. मिक्स आदल्या रात्री करा, २-२ लिटरच्या स्टीलच्या डब्यांत भरा, डबे बर्फाच्या पाण्यात अर्धा तास फिरवा आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. १० लिटरची बादली तशीच फ्रिजमध्ये ठेवली तर मधला भाग सकाळपर्यंतही पुरेसा गार होत नाही.

दुसरं, मशीनची जागा. गरम हवा सुटते त्या बाजूला किमान ३० सेंमी मोकळं हवं. कंडेन्सरची (जिथून गरम हवा सुटते त्या भागाची) जाळी आठवड्याला ब्रशने झाडा. आपल्याकडे उन्हाळ्यात दर तीन दिवसांनी. ऊन थेट पडत असेल तर आधी वरून चटईची सावली करा. सोलापूरच्या गड्डा जत्रेत जानेवारीच्या रात्री हेच मशीन झकास चालेल, पण मे महिन्यात ४२ अंशांत तसंच चालेल असं धरू नका.

तिसरं, सलग कोन काढणं. ८० ग्रॅमच्या कोनात साधारण ७३ एमएल मिक्स जातं. सिलिंडर (मिक्स गोठतं ते आतलं नळकांडं) १.७ लिटरचा असेल तर एकाच नोझलमधून सलग दहा कोन काढल्यावर त्यातलं ४० टक्क्यांहून जास्त मिक्स नवं, न गोठलेलं असतं. गर्दीत डावं-उजवं नोझल आलटून-पालटून वापरा. हॉपर एक-तृतीयांशाखाली जाऊ देऊ नका, नाहीतर मिक्सऐवजी हवा आत जाते, कोन तुटक येतो आणि सिलिंडर गच्च गोठून बीटर (आतलं ढवळणारं पातं) अडकतो.

डेअरीटेक
वरचं बरोबर. आता सुरक्षेचं, कारण ताठ कोन म्हणजे चांगला कोन असं नाही.

स्टँडबाय चालतो, पण हॉपर आणि सिलिंडर दोन्ही रात्रभर ४ अंशांखाली राहिले तरच. काही स्वस्त मशीनमध्ये हॉपर गार होतच नाही, फक्त सिलिंडर होतो. तुमचं तसं असेल तर विषय संपला. डिस्प्लेवर विसंबू नका, प्रोब थर्मामीटर हॉपरमध्ये बुडवा (आधी बर्फ-पाण्यात शून्य दाखवतो का बघा). रात्री लाईट किती वेळ गेली हे माहीत नसेल, किंवा मिक्स ५ अंशांपेक्षा जास्त तापमानात दोन तासांहून जास्त राहिलं असेल, तर ओतून द्या. पुन्हा गोठवून जंतू मरत नाहीत. स्टॅफिलोकॉकसचं विष तर उकळूनही जात नाही, त्यामुळे "उकळून परत वापरू" हा मार्गच नाही. जुनं मिक्स नव्यात मिसळू नका.

पावडर ओली झाली की ती दूधच समजा. पाणी टाकीत काही दिवस साठलेलं असतं, तेव्हा उकळून गार केलेलं किंवा आरओ-यूव्हीचंच घ्या.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे नोझलचं तोंड. तिथलं क्रीम दुपारभर बाहेरच्या तापमानात असतं. दर दोन तासांनी चांदणी टोपी काढून धुवा, क्लोरीनच्या पाण्यात बुडवा. टोपीला कोन टेकवायचा नाही.

जुळेसोलापूर_सॉफ्टी
क्लोरीन किती? आणि रात्री धुताना क्रम काय?

डेअरीटेक
१०० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात १०० भाग). ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १० लिटर पाण्याला २५ एमएल. बिनवासाचं घ्या, फरशीचं नको. उन्हात ठेवलेल्या कॅनची ताकद उतरते, म्हणून टेस्ट स्ट्रिपने बघा.

मिक्स काढून घ्या, मग आधी गार पाणी, स्वच्छ येईपर्यंत. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं की दुधाची प्रथिनं चिकटून थर बसतो. त्यानंतर ४५ अंशांच्या पाण्यात डिटर्जंट, मशीन 'वॉश'वर. पाणी असताना चुकूनही 'फ्रीझ' दाबू नका, बर्फ होऊन स्क्रेपर ब्लेड मोडतात. मग पुढचं झाकण, पिस्टन, ओ-रिंग (रबरी कडी), बीटर, हवेची नळी काढून ब्रशने घासा आणि खळखळून धुवा. जोडताना ओ-रिंगला फूड-ग्रेड ल्युब्रिकंटच, बेअरिंगचं ग्रीस नाही. तडा गेलेली ओ-रिंग बदलाच, हवा आणि घाण दोन्ही तिथूनच शिरतात. क्लोरीनचं पाणी मिक्स भरण्याआधी सकाळी ५ मिनिटं फिरवून काढून टाका. रात्रभर ठेवलं तर स्टील खातं. पाण्याचा अंश जाईपर्यंतचं पहिलं मिक्स फेका.

स्टॅबिलायझर_लावा
दुपारी व्होल्टेजही मोजा, मशीन चालू असताना. १९० च्या आसपास उतरत असेल तर कंप्रेसर गरम होऊन ट्रिप होतो, आणि लोक त्यालाच गॅस कमी समजतात. तीन मिनिटांच्या डिलेचा स्टॅबिलायझर घ्या, लाईट आल्याआल्या कंप्रेसर सुरू होता कामा नये.