२०११ चा मॅकबुक प्रो: ८ जीबीच्या वर रॅम चालते का?

प्रश्न (महाल, नागपूर)
लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. मशीन १३ इंची मॅकबुक प्रो, २०११ च्या सुरुवातीचं. ४ ची ८ जीबी रॅम मागेच करून घेतली. पण आता चाळीस पानी अल्बम उघडला की फोटोशॉप अडकून राहते. स्वॅप (रॅम पुरत नाही म्हणून डिस्कवर टाकलेला डेटा) ५ जीबीवर जाते, ती रंगीत भिंगरी फिरत राहते आणि गिऱ्हाईक बाजूच्या खुर्चीत बसून असते. बर्डीतला दुकानदार म्हणाला, "ॲपलनंच ८ लिहून ठेवलं आहे, पैसे वाया घालवू नका." तुळशीच्या लग्नानंतर श्वास घ्यायला फुरसत नसते आणि यंदा नवं मशीन झेपणार नाही. कोणी १६ लावली आहे का?

उत्तर १
भाऊ, बिनधास्त लावा. ८ हा ॲपलनं छापलेला आकडा आहे. रॅम सांभाळणारा कंट्रोलर प्रोसेसरातच असतो आणि तुमच्या सँडी ब्रिज पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरची मर्यादा इंटेलच १६ सांगते. हे मशीन आलं तेव्हा लॅपटॉपसाठी ८ ची एक पट्टी सहज मिळतच नव्हती.
फक्त पट्टी डोळ्यांनी पाहून घ्या. डीडीआर३, २०४ पिन, १३३३ मेगाहर्ट्झ. दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशा सोळा चिप मोजा. एकाच बाजूला आठ चिप असलेली ८ जीबीची पट्टी हा प्रोसेसर ओळखत नाही. स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.
खालच्या झाकणाचे दहा स्क्रू असतात, त्यातले तीन लांब. ते वेगळ्या वाटीत ठेवा.

उत्तर २
अजून जुनी हार्ड डिस्कच असेल तर एसएसडीही टाका. फोटोशॉपच्या स्क्रॅच (तात्पुरत्या कामाच्या) फायली शेवटी डिस्कवरच जातात.

प्रश्नकर्ता
एसएसडी आहे. काल ८ च्या दोन पट्ट्या आणल्या, दुकानातच सोळा-सोळा चिप मोजल्या. घरी लावून चालू केलं तर स्क्रीन काळी. तीन बीप, थोडं थांबून पुन्हा तीन. पोटात गोळाच आला.

उत्तर १
तीन बीप म्हणजे रॅम तपासणीत नापास. आधी नीट बसली का ते पाहा. सोनेरी पिन दिसायला नकोत.

प्रश्नकर्ता
तेच होतं! वरच्या पट्टीचे पिन नखभर बाहेर होते. तिरपी धरून आत रेटली, मग खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्कन बसल्या. आता १६ जीबी दाखवते. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवला, एकही एरर नाही. सकाळी तोच चाळीस पानी अल्बम उघडला, स्वॅप शून्य. भाऊ, माझा सीझन वाचवला तुम्ही.