टीव्हीएल : भांडवल, ठेव, अडकलेली की गुंतलेली रक्कम?

गोदाकाठ (नांदेड)
मंडळी, एका शब्दापाशी गाडी थांबलीय. आमच्या गटानं एआय एजंटसाठी (स्वतःच टूल निवडून काम करणाऱ्या प्रोग्रामसाठी) एक छोटं टूल लिहिलंय. कोणत्या ब्लॉकचेनवर किती पैसा आहे हे डेफीलामा या संकेतस्थळाच्या खुल्या आकडेवारीतून आणायचं आणि इथेरियम, सोलाना, ट्रॉन वगैरे शेजारी शेजारी मांडायचे, एवढंच त्याचं काम. वर्णन मराठीत लिहायचंय आणि ते माणसांपेक्षा एजंटच जास्त वाचणार. कोणत्या प्रश्नाला कोणतं टूल उचलायचं, हे तो वर्णन वाचूनच ठरवतो. मूळ संज्ञा ‘टोटल व्हॅल्यू लॉक्ड’, म्हणजे टीव्हीएल. ‘साखळीनिहाय भांडवल’ चालेल का?

मोंढेकरी (लातूर)
भांडवल नको राव. भांडवल म्हणजे धंदेवाल्याचं स्वतःचं. बाजार समितीच्या गोदामात शेतकऱ्यांचं सोयाबीन पडलंय म्हणून ते समितीचं भांडवल होत नाही. टीव्हीएलमधला पैसाही दुसऱ्यांनी आणून ठेवलेला.

कोडवाली (छत्रपती संभाजीनगर)
दुसरी अडचण मोठी आहे. ‘भांडवल’ वाचून एजंट बाजार भांडवलाकडं (सगळ्या नाण्यांची मिळून बाजारातली किंमत) वळला, तर बिटकॉइन पहिला म्हणून सांगेल. टीव्हीएलमध्ये पहिला इथेरियम, बिटकॉइन बराच मागं. बिटकॉइनचं बहुतेक मोल लोकांच्या वॉलेटमध्ये नुसतं बसून असतं; टीव्हीएल मोजतो ते स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठेवलेलं. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याचंच, आणि एजंट ते ठामपणे सांगणार!

गोदाकाठ
मग शब्दशः ‘अडकलेली रक्कम’?

मास्तर (परभणी)
आपल्याकडं ‘पैसे अडकले’ म्हणजे बुडाल्यात जमा. पतसंस्थेच्या दारात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. टीव्हीएलमधला बराचसा पैसा मालक हवा तेव्हा काढू शकतो. ‘लॉक्ड’ हा इंग्रजीतलाच सैल शब्द आहे, त्याचा सैलपणा आपण कशाला उचलायचा? अपवाद घडतात. टेरा ही साखळी टीव्हीएलमध्ये इथेरियमच्या खालोखाल होती, तिथल्या अँकर या पैसे ठेवण्या-उसने देण्याच्या सेवेवर जवळपास 20 टक्के व्याज मिळायचं. मे 2022 मध्ये तिचं डॉलरशी बांधलेलं यूएसटी नाणं कोसळलं आणि काही दिवसांत सगळं धुपून गेलं. अशा वेळी खुशाल ‘अडकले’ म्हणा.

‘ठेव’ही नको. ठेव म्हटलं की बँक आठवते, आणि बँकेबरोबर 5 लाखांपर्यंतचा विमा. इथं तसं कवच कुणी देत नाही.

मोंढेकरी
चर्चा वाचायलोय. ‘तारण’ कसं वाटतं? पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. माल गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल घ्या, भाव आला की सोडवा. आवेसारख्या ब्लॉकचेनवरच्या कर्जसेवेत इथर (इथेरियमचं नाणं) ठेवून कर्ज काढतात ते हेच की. आणि टीव्हीएल डॉलरमध्ये मोजतात, म्हणजे एक पोतं हललं नाही तरी भाव पडला की आकडा पडतो.

कोडवाली
आवेपुरतं बरोबर, भाऊ. पण कर्ज न घेता नुसते पैसे पुरवणारेही असतात, आणि अदलाबदलीच्या कुंडात (एक नाणं देऊन दुसरं घेता येतं अशा साठ्यात) दोन नाण्यांची जोडी ठेवणारेही. ते तारण नव्हे. शिवाय कर्जाऊ गेलेली रक्कम डेफीलामा मूळ आकड्यात धरत नाही, हेही वर्णनात लिहायला हवं.

मला खरी काळजी दुहेरी मोजणीची आहे. लिडो या सेवेत इथर ठेवलं की ते इथेरियमच्या सुरक्षेसाठी लावलं जातं आणि बदल्यात एसटीईथ टोकन मिळतं; यालाच लिक्विड स्टेकिंग म्हणतात. तेच टोकन आवेत तारण ठेवलं तर एकाच इथरची नोंद दोन ठिकाणी होते. गोदामाची पावती गहाण ठेवून कुणी माल आणि पावती दोन्ही मोजावं तसं. दोन साखळ्यांमधल्या पुलाचंही तेच: इकडं मूळ बिटकॉइन बंद, तिकडं इथेरियमवर तेवढंच डब्ल्यूबीटीसी हे बदली टोकन. (इथं मात्र ‘कुलूपबंद’ अगदी चपखल.) डेफीलामावर दुहेरी मोजणी आणि लिक्विड स्टेकिंग धरायचं की नाही, याची वेगळी बटणं आहेत. एकाच तक्त्यात एका साखळीला ते धरलं, दुसरीला नाही, तर तुलना गेली वाऱ्यावर.

मास्तर
मग ‘गुंतलेली रक्कम’. गुंतलेला पैसा बुडालेला नसतो, सोडवता येतो, पण या घडीला मोकळाही नसतो. तारण, पुरवठा, जोडी, सगळं त्यात बसतं. लातूरकर ‘गुतलेली’ म्हणतील, म्हणू द्या. ‘गुंतवणूक’ मात्र टाळा, त्यात नफ्याचा वास येतो.

गोदाकाठ
पटलं. आणि साखळी की चेन? आई म्हणाली, साखळी म्हणजे उपोषण नाहीतर माणसं जोडायची स्कीम.

कोडवाली
आईंचं बरोबर आहे, स्कीमवाल्या अर्थाशी तर अजिबात सलगी नको. सुरुवातीला ‘ब्लॉकचेन’, पुढं ‘चेन’. ‘टूल’ आणि ‘एजंट’ राहू द्या, कुणी अडणार नाही.

गोदाकाठ
मग असं: “निवडलेल्या ब्लॉकचेनवरील गुंतलेल्या रकमेची (टीव्हीएल) डॉलरमध्ये तुलना करते. कर्जाऊ गेलेली रक्कम व दुहेरी मोजणी वगळून. बाजार भांडवल किंवा नाण्याचा भाव सांगण्यासाठी हे टूल वापरू नये.”

मास्तर
‘वगळून’नंतर वाक्य लोंबकळतंय, ‘वगळलेली आहे’ करा.

कोडवाली
लिक्विड स्टेकिंगही वगळलंय की धरलंय ते लिहा. आणि आकडा कोणत्या वेळेचा, तेही टूलनं उत्तरासोबत द्यावं. एजंट कालचा आकडा आजचा म्हणून सांगून मोकळा होतो.