सबवूफरचा खर्ज खालच्या मजल्यावर पोहोचतो, उपाय काय?

चौथा मजला:
ठाण्यातील एका सात मजली इमारतीत आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. हॉल साधारण १४ बाय ११ फुटांचा असून टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात दहा इंची, पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचे भोक) असलेला सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, ठेवला आहे. आमच्या बरोबर खालच्या घरातील काका हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. गेल्या आठवड्यात ते वर आले आणि अगदी संकोचून म्हणाले, "गाणी-बिणी काही ऐकू येत नाहीत हो, पण उशीला कान टेकला की धपधप येते, आणि शोकेसच्या काचा किणकिणतात." त्यांनी आवाज चढवला असता तर मला इतके वाईट वाटले नसते.

मी सबवूफरखाली जाड गालिचा घातला, टीव्हीमागच्या भिंतीवर दोन इंची फोमचे चौकोन चिकटवले आणि एकूण आवाजही कमी केला. आवाज इतका कमी केल्यावर आम्हालाच संवाद नीट ऐकू येईनात, काकांकडचे धपधप मात्र थांबले नाही. सबवूफरखाली ठेवण्याचे फोमचे तयार प्लॅटफॉर्म बाजारात मिळतात, पण ते स्वस्त नाहीत. त्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

खर्जवेडा:
प्लॅटफॉर्मची खरेदी तूर्त थांबवा. भिंतीवरचा फोमही काढला तरी चालेल. ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपने असलेल्या, ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मीटर, म्हणजे सुमारे २८ फूट असते. एवढ्या लांब लहरीला दोन इंची फोमचे अस्तित्वही जाणवत नाही. फोममुळे खोलीतला घुमारा कमी होतो, पण तो घुमारा वरच्या पट्टीतल्या आवाजांचा असतो. खर्ज अडवायला वजन लागते, आणि बांधून झालेल्या घरात ते वाढवणे आपल्या हाती नसते.

आता जरा आकडेमोड करू. २८ फुटांच्या निम्मे म्हणजे १४ फूट, आणि आपल्या हॉलची लांबी नेमकी तेवढीच आहे. खोलीच्या लांबीत अर्धी लहर अचूक बसली की त्या स्वराला खोलीच साथ देऊ लागते आणि तो इतरांपेक्षा कितीतरी फुगतो. इमारतीत हॉलखाली हॉल, स्वयंपाकघराखाली स्वयंपाकघर अशीच रचना असते. त्यामुळे जो स्वर आपल्या हॉलमध्ये फुगतो, तोच खाली झिरपल्यावर काकांच्या हॉलमध्ये पुन्हा फुगतो. त्यातून आपण सबवूफर कोपऱ्यात ठेवला आहे, जिथून खोलीचे हे सगळे अनुनाद सर्वांत जोरात जागे होतात.

म्हणून आधी दोषी स्वर शोधावा. काकांची वेळ विचारून दुपारी त्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसा आणि घरातल्या कोणाला तरी वर २५ ते ८० हर्ट्झपर्यंतचे स्वर पाच-पाच हर्ट्झच्या अंतराने वाजवायला सांगा. असे स्वर काढणारी ॲप फोनवर मोफत मिळतात. आवाज मध्यम ठेवा आणि एक स्वर काही सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, नाहीतर सबवूफरची कॉइल तापते. एखादा स्वर खाली एकदम अंगावर येईल. इक्वलायझरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांची पातळी कमी-जास्त करण्याच्या सोयीत, तेवढाच कापावा. सगळा आवाज कमी करून चित्रपट बेचव करण्याची गरज नाही.

दुसरे म्हणजे सबवूफर कोपऱ्यातून उचलून सोफ्याच्या अगदी शेजारी आणा. तो कानाजवळ आला की तेवढाच खर्ज ऐकण्यासाठी त्याची पातळी बरीच खाली आणता येते, आणि पातळी खाली आली की शेजाऱ्यांकडे जाणारा वाटाही तितकाच घटतो. घरच्यांना ते दिसायला आवडणार नाही. आमच्याकडे त्यावर टेबलक्लॉथ आणि फुलदाणी आली, आणि आता ती फुलदाणी वाजते.

रबरी बूट:
वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. वॉशिंग मशीनच्या पायांखाली घालायचे चार रबरी पॅड, त्यांवर ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा आणि त्यावर सबवूफर, अशी मांडणी मी केली. फरशीवर तळहात ठेवला की जी थरथर जाणवत असे, ती जवळजवळ नाहीशी झाली. खर्च अगदीच किरकोळ होता.

स्लॅब आणि बीम:
माझे काम इमारतींच्या आराखड्यांचे असल्याने यावर थोडे लिहितो. रबरी बूट यांच्या तळहाताला जाणवलेला फरक खरा आहे, पण तो खोक्यातून थेट फरशीत उतरणाऱ्या कंपनांचा आहे. बहुतांश ऊर्जा हवेतून जाऊन स्लॅब आणि भिंतींना ढकलते, आणि त्या वाटेवर पॅडचा काहीच अंमल चालत नाही. शिवाय रबर आणि त्यावरचे वजन यांची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. तिच्या सुमारे १.४ पटीच्या वरच कंपने अडतात आणि ऐन तिच्या आसपास ती उलट वाढतात. कडक रबरावर हलका सबवूफर ठेवला तर ३०-४० हर्ट्झला लाभ शून्यही असू शकतो. पॅड जरूर घालावेत, मात्र त्यावर भिस्त ठेवू नये.

आपल्याकडच्या घरांत स्लॅब साधारण पाच-सहा इंचांचा असतो. त्याचे वजन दुप्पट केले तरी सिद्धांतानुसार फक्त ६ डेसिबलचा फरक पडतो. खोलीच्या आत तरंगती, म्हणजे मूळ भिंती-स्लॅबला घट्ट न जोडलेली, खोली बांधणे हा खरा उपाय आहे. तो स्टुडिओत शोभतो, नऊ-साडेनऊ फूट उंचीच्या हॉलमध्ये नाही.

कोणी नियमावर बोट ठेवण्याआधी हेही सांगतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. परंतु ती 'ए' भारांकनाने, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे स्वर कमी धरून, मोजतात, ज्यात ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. त्यामुळे मीटर निर्दोष ठरवेल आणि काका तरीही जागे राहतील. फोनवरचे डेसिबल ॲप त्यांना दाखवायला जाऊ नका.

चौथा मजला:
सर्वांचे आभार. रविवारी दुपारी काकांकडे जाऊन बसलो. ३५ पर्यंत काही विशेष जाणवले नाही. ४० ला मात्र शोकेसमधली काचेची बाहुली चक्क सरकत कडेला आली आणि काकूंनी ती पटकन उचलली. ५० ला पुन्हा शांतता. आम्ही तिघेही थोडा वेळ हसत होतो.

सबवूफर आता सोफ्याशेजारी आहे. ४० हर्ट्झला ८ डेसिबल कापले आणि एकूण पातळीही आधीच्या निम्म्यावर आणली. रिसीव्हरमध्ये रात्रीसाठी 'नाइट मोड' सापडला, ज्यात स्फोट दबतात आणि संवाद वर येतात. ही सोय इतकी वर्षे आपण का वापरली नाही, याचे आश्चर्य वाटते. दहानंतर सबवूफर बंदच ठेवायचा, असेही काकांशी ठरले आहे. काल संध्याकाळी त्यांनी फोन करून विचारले, "आज काही लावले नव्हते का?" आम्ही तेव्हा चित्रपटाच्या मध्यावर होतो.

एक शंका उरली आहे. पोर्टमध्ये जुने मोजे कोंबले तर खर्ज आणखी कमी होतो, असे ऐकले. ते खरे आहे का?

खर्जवेडा:
होय. पोर्ट ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो तिच्या आसपासचा जोर त्याने कमी होतो. मोजे धुतलेले असावेत, आणि ते आत हरवणार नाहीत इतके घट्ट बसवावेत. माझा एक अजून आतच आहे.