शब्दचर्चा : आगोट, बेगमी आणि अन्नसुरक्षा

वरकस :
2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला आणि ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द गावागावांत पोचला. पण त्याच्या उलट अर्थाचा ‘अन्न-असुरक्षितता’ बोलताना जीभ अडखळते, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. बचतगटांसाठी पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीवर एक पत्रक करायचे आहे. त्यात ‘बेगमी’ शब्द चालेल का? आणि किनाऱ्यावर ‘आगोट’ म्हणतात ते हेच की वेगळे?

खाडीकाठ :
वेगळे. आगोट हा काळ आहे : पाऊस तोंडावर आलेला, मे महिन्याचे शेवटचे दिवस. “आगोट आली, लाकडं अजून बाहेरच” असे म्हणतात. त्या काळात जे करून ठेवायचे ती बेगमी. म्हणून ‘आगोटीची बेगमी’ हा प्रयोग बरोबर आहे, त्यात द्विरुक्ती नाही.

बेगमी मूळ फारसी. ‘बे’ म्हणजे विना, ‘गम’ म्हणजे चिंता. ‘साठा’ आणि ‘बेगमी’ यांतला फरक मापात दिसतो. साठा क्विंटलात सांगतात, बेगमी महिन्यांत. “चार महिन्यांची बेगमी झाली” हे मराठी. “चार क्विंटलांची बेगमी” कानाला खटकते. हे चार महिनेही मनाचे नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, आणि शेतातले पहिले हळवे भात हाती यायला सप्टेंबर उजाडतो. मधल्या काळात घरात जे असेल तेच. पत्रकात ‘साठवण’ऐवजी ‘बेगमी’च लिहा.

रातांबा :
सहमत, पण क्रियापद जपा. बेगमी ‘करतात’, नुसती ‘भरत’ नाहीत. आमसुलांचेच बघा. फळ ते रातांबा (दक्षिणेकडे भिरंड), सुकलेली साल ते आमसूल किंवा सोल. पिकलेली फळे फोडून गर-बिया वेगळ्या करायच्या. गराच्या रसात मीठ घालायचे. एक किलो सालींना लागेल त्या रसात साधारण 100 ते 120 ग्रॅम. साली उन्हात वाळवायच्या, रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. याला ‘पुटे देणे’ म्हणतात. निदान तीन पुटे हवीत, चांगल्या आमसुलाला पाच. एकच पूट दिलेले आमसूल फिकट राहते, आंबट कमी लागते आणि श्रावणापर्यंत बुरसते. लोखंडी भांडे वापरू नये, आंबट रस लोखंड खातो आणि साली काळ्या पडतात.

मुख्य अडचण वेळेची. रातांबा पिकतो तो वळवाच्या तोंडावर. दोन दिवस ढग राहिले की अर्धवट साली चिकट होतात. अशा वेळी त्या एकावर एक रचू नयेत. घरात चुलीच्या वरच्या फळीवर पातळ पसराव्यात. बिया टाकू नका. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारे तेल काढतात. ते गार झाले की घट्ट होते आणि पायांच्या भेगांना लावतात.

सुक्या मासळीतही हेच. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबू-दोरीच्या उभ्या मांडणीवर, टांगले तर वारा दोन्ही बाजूंनी लागतो. वाळूवर पसरलेल्या जवळ्यात रेती येते आणि खालून ओल धरते. डब्यात भरताना मासळी पूर्ण गार झालेली हवी. ऊन खाऊन गरम असलेली बंद केली तर आत घाम धरते आणि आठ दिवसांत वास मारते. पावसात उघाड मिळाली की डबे उघडून पुन्हा ऊन द्यावे.

वरकस :
आणि धान्य?

खाडीकाठ :
भात सालीसकट ठेवतात, तांदूळ नाही. साल हेच संरक्षण. दाणा दातांत धरला की ‘कट्’ वाजला पाहिजे. नुसता दबला तर अजून ओला आहे, कणगीत (धान्याच्या बांबूच्या कोठीत) मधोमध तापून काळा पडेल. कांडायचे तेही महिन्यापुरते. उकडा तांदूळ करताना भात भिजवून शिजवतात आणि मग वाळवतात. तेव्हा कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात. पेजेला तोच.

नाचणीला मात्र कीड जवळजवळ लागतच नाही, म्हणून वर्षे टिकते. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत ती येते, जिथे भात येत नाही. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात नाममात्र. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष पाळले गेले, तरी कोकणातल्या वरकसावर नाचणीच्या जागी कलमांच्या बागा आल्या, याचे वाईट वाटते. हरीक (कोद्रा) ठेवणार असाल तर ठळक अक्षरांत लिहा : पिकताना भिजलेल्या कणसावर बुरशी येते आणि त्या दाण्याने भोवळ, उलटी होते. असा हरीक गुरांनाही घालू नये.

डोंगरवाडी :
एक अडचण मांडतो. बेगमी त्याची, ज्याची जमीन आणि ज्याला कणगी. रायगडातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर पावसाळ्यात रोजचे रोज रानातून येते : टाकळा, कुर्डू, भारंगी, पहिल्या सरींनंतर मोजकेच दिवस मिळणारी शेवळे. ही बेगमी नव्हे, रानात ताजी उगवणारी तरतूद. तिला बंद डब्याचा शब्द लावू नका. त्यासाठी ‘रानचे अन्न’ असा वेगळा मथळा घ्या. आणि त्या रानात जाण्याचा हक्क हा प्रश्न ‘बेगमी’त मावत नाही. तिथे ‘अन्नसुरक्षा’ हाच शब्द लागेल.

कृती देताना जपून. शेवळ्यात घशाला खाजवणारे स्फटिक असतात, म्हणून ती काकड या झाडाच्या आंबट फळांबरोबरच शिजवतात. काकड न मिळाल्यास चिंच भरपूर. कडू करांद्याच्या (रानकंदाच्या) पातळ चकत्या राखेच्या पाण्यात उकळून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, कच्चा विषारी. ओळख पटली नाही तर उपटूच नये.

रातांबा :
पत्रक सिंधुदुर्गात जाणार असेल तर ‘कणगीत ठेवा’ एवढेच लिहू नका. दक्षिण कोकणात कणगी, कणगर हे जमिनीखालच्या कंदाचेही नाव आहे. ‘बांबूची कणगी’ लिहा, आणि शेणामातीने दोन्ही बाजूंनी लिंपलेली.