मदत हवी आहे: आईसोबत यांगून आणि बागान

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आईला म्यानमारला न्यायचा विचार आहे. ती नेमाने विपश्यना करते. गोराईचा पॅगोडा ज्याच्या धर्तीवर बांधलाय, तो यांगूनचा श्वेडागॉन पॅगोडा तिला डोळे भरून पाहायचाय. तिथे जन्मवारानुसार कोपरे असतात आणि आपल्या कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर पाणी घालतात. बुधवारचे दोन भाग, सकाळचा वेगळा नि दुपारनंतरचा वेगळा. आई बुधवारी संध्याकाळची, म्हणजे राहूचा कोपरा, त्याचा प्राणी बिनसुळ्याचा हत्ती. हे कळल्यापासून तिने ध्यासच घेतलाय.

अडचण गुडघ्यांची. आत अनवाणी जावं लागतं, मोजेही चालत नाहीत. लिफ्ट कोणत्या दरवाजाला आहे? उन्हात फरशी तापते म्हणून पहाटे जावं म्हणते, बरोबर ना?

बागानला साडेतीन हजारांवर देवळं-स्तूप. आनंद मंदिर नक्की, त्याशिवाय फार पायऱ्या नसलेली कोणती? घोडागाडी बरी की दिवसभराची मोटार?

टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, म्हणून तिकडेही ओढ आहे. पण मार्च २०२५ च्या भूकंपानंतर वयस्कर माणसाला नेण्याजोगी स्थिती आहे का? यांगूनहून बागानला विमानानेच जाणार, रस्त्याची जोखीम नको. अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.