बेदाण्याच्या पॅकेटला नाव कुठलं ठेवावं? (तासगाव)

आमचं तासगावजवळ बेदाण्याचं शेड आहे, आजवर सगळा माल सौद्यालाच (बाजारातल्या लिलावाला) जायचा, यंदा अर्धा किलोची पॅकेटं करून इंदूर-दिल्लीकडं पाठवायचं चाललंय. वडलांना ‘गोडमळा’ आवडलंय, बहिणीनं ‘मनुली’ काढलंय आणि भाऊ म्हणतोय सरळ ‘सांगली बेदाणा’ छापा. डिझाइनवाला रोज फोन करतोय, काय करावं?

मिरजकर_भाषावाला:
गोडमळा आपल्याला झकास वाटतं, मळाच डोळ्यापुढं येतो. पण हिंदीत ळ नाही, तिकडचा दुकानदार गोडमला म्हणणार, आणि इंग्रजी अक्षरांत छापलं की सुरुवातच लोक ‘गॉड’ अशी वाचणार, मग गोडवा राहिला कुठं? मनुली घ्या. म, न, ल मऊ आवाज आहेत, जोडाक्षर नाही, कुठल्याही लिपीत लिहा फारसा घोळ होत नाही, आणि शेवटचा ‘ली’ बाहुली-सावलीसारखा लाडाचा लागतो. आवाजाला आकार असतो हो. रामचंद्रन आणि हबर्ड या मेंदूच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये लिहिलंय की एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून, बूबा आणि किकी या बिनअर्थाच्या शब्दांपैकी बूबा कुठली न किकी कुठली विचारलं तर जवळजवळ सगळे गोलसर आकृतीलाच बूबा म्हणतात, अमेरिकेतले विद्यार्थी काय आणि तमिळ बोलणारे काय. कॅमेरेवाल्या जॉर्ज ईस्टमननं १८८८ मध्ये कोडॅक हे नाव मुद्दाम बनवलं, त्याला क हे अक्षर जोरकस वाटायचं. कॅमेऱ्याला तो खटका शोभतो, बेदाण्याला नाही शोभत.

वकील_सांगली:
भावाला सांगा, ‘सांगली बेदाणा’ एकट्याच्या नावावर होणं अवघड आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ बघा, नुसतं गाव किंवा मालाचं वर्णन असलेलं नाव सहसा रजिस्टर होत नाही. शिवाय सांगलीच्या बेदाण्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, ते नाव सगळ्या भागाचं. मनुली मनुक्याची आठवण देतं पण थेट वर्णन करत नाही, असली नावं टिकतात. आधी ट्रेडमार्कच्या क्लास २९ मध्ये सर्च मारा, हे नाव आधी कुणी घेतलंय का बघा, सुका मेवा त्यातच येतो.

यार्डातला_माणूस:
सर्च नंतर मारा ओ, आधी इंदूरच्या तीन पार्ट्यांना फोन लावा आणि नाव एकदाच सांगून त्यांना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. तिघांनी तीन तऱ्हेनं लिहिलं तर ते नाव सोडा, कारण रिपीट ऑर्डर फोनवरच येते.

प्रश्नकर्ता:
उद्याच लावतो फोन. मनुली मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक ‘गोडमळा, तासगाव’ असं वडलांना विचारलं, ते हो म्हणालेत.